ओळंबा

रविवार, सकाळचे सात. मासुंद्याच्या काठावर अकरा जण.
नऊ जणांनी पैसे भरलेत, एक माझी भाची,
आणि एक चुकून आलाय, त्याला योगवर्ग गाठायचा होता.
थांबला. म्हणाला, चालायचंच आहे ना.

मी सुरू करतो नेहमीच्या वाक्याने:
हे तळं पूर्वी याहून मोठं होतं.
ठाण्यात कुठल्याही तळ्याला हे वाक्य चालतं.

कौपीनेश्वराच्या पायरीशी चपलांचा हिशेब,
चर्चच्या दारात टोपी काढून दोन मिनिटं,
सिनेगॉगच्या फाटकाशी आवाज जरा खाली.
मग किल्ला. किल्ला म्हणजे तुरुंग, फोटो काढू नका.
आतून बघायचा तर तिकीट एकाच ठिकाणी मिळतं,
कोर्टात.
इथे लोक हसतात. सहा वर्षं इथेच हसतात.

आज एक उंच माणूस हसत नाही.
शर्वाणी त्याच्या कानात काही सांगते,
मग तो हसतो, उशिरा,
माझं पुढचं वाक्य सुरू झाल्यावर.

तिचा नवरा, योरिस. गाव डॉर्ड्रेख्त,
उच्चारताना घसा साफ केल्यासारखं होतं.
तिकडे तोही हेच करतो, लोकांना घरं दाखवत फिरतो.
कालव्याकाठची घरं, तो सांगतो, शर्वाणी मराठीत ओतते,
पुढे झुकलेली असतात. मुद्दाम.
माथ्याला आकडा, आकड्याला कप्पी,
वर चढणारं पिंप, पोतं, कपाट
भिंतीला घासू नये म्हणून.
काही मात्र नुसतीच कललेली, खालचं लाकूड कुजून.
त्यांचीही तो ओळख करून देतो:
ही थकली आहे, हिला शेजारीण धरून आहे.

मी पाण्याची बाटली उघडतो.

एकतीस वर्षं मी महापालिकेत आरेखक होतो.
कललेलं घर दिसलं की ओळंबा सोडायचा,
दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजायचं
आणि शेरा मारायचा: सी-वन. अतिधोकादायक.
बरीचशी खरंच धोक्याची होती.
बरीचशी.

चरईतल्या या वळणावर मी दर रविवारी थांबतो.
आता इथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.
इथे एक घर होतं, मी सांगतो,
खाली समयांचा कासार, वर पास्कोल शिंपी.
काय झालं त्याचं?
रस्तारुंदीत गेलं.
आपल्या भाषेत घरं अशी आपली आपण जातात,
जत्रेला गेल्यासारखी.

योरिस विचारतो, दारावर काय होतं?
त्यांच्याकडे घरांना नंबर नव्हते तेव्हा
दारावर दगड बसवायचे: मासा, बैल, तीन हातोडे.
पोस्टमन नव्हे, निरोप्या यायचा,
त्याला वाचता यायचं नाही, पण मासा कळायचा.

कात्री, मी म्हणतो.
चुन्यात काढलेली, एक पातं तुटकं.
नऊ इंच बाय पाच.
इतकं बरोबर कसं आठवतं, भाची विचारते.
मोजली होती. नकाशात घेतली नाही,
शोभेच्या वस्तू दाखवायला रकाना नव्हता.

आणि मग, ठरवलं नसताना,
शर्वाणीकडे बघून, मराठीतच:
दीड इंच होतं अंतर. साहेब म्हणाले,
वाऱ्याने दोरी हलते चौबळ, नीट बघा.
मी नीट बघितलं. साडेतीन लिहिलं.
वारा नव्हता.

एक रिक्षा हॉर्न देत आमच्यातून वाट काढते.
शर्वाणी गप्प. मग त्यांच्या भाषेत काहीतरी सांगते,
माझ्या तीन वाक्यांना तिला बराच वेळ लागतो.
योरिस मान हलवतो, उशिरा.
पण या वेळी पुढचं वाक्य
मी सुरूच केलेलं नाही.

योगवर्गवाला विचारतो, काका, तुम्ही कुठे राहता?
वाघबीळ. चौदावा मजला.
ओळंब्यात आहे.

आणि आता कुठे?
चेंदणी कोळीवाडा, मी म्हणतो,
आणि हात पुढे करतो:
सरळ.